प्रभाग क्रमांक एकची सही

मंगळवार, दुपार

तीर्थस्वरूप मामांच्या पायांशी जावई कल्याण याचा (कंबर परवानगी देते तितका) वाकून नमस्कार.

आपली प्रकृती बरी असेल असं धरून चालतो. गुडघ्याला चोळायचं तेल मागच्या महिन्यात पाठवलं होतं, ते गुडघ्यालाच लागलं की पुन्हा बैलाच्या खांद्याला गेलं, हे कळवावं. मामींचा खोकला, लिंबाची बाग आणि लाथ मारणारी म्हैस यांचीही खुशाली लिहावी. आम्ही इकडे सगळे ठीक आहोत. ठीक म्हणजे, तिघेही हयात आहोत आणि एकाच घरात राहतो.

फोन का केला नाही, असं आपण विचाराल. मामी फोन स्पीकरवर टाकतात आणि ओसरीवर बसून बोलतात, त्यामुळे आपल्याला सांगितलेली गोष्ट आपल्याआधी पिठाच्या गिरणीत पोचते. मागे मी मूळव्याधीचं औषध विचारलं, तर मिरजगावच्या स्टँडवर एका अनोळखी माणसाने मला ताक प्यायचा सल्ला दिला. म्हणून हे पत्र. दुधाचा टेम्पो चालवणारा शाहबाज उद्या तिकडे येणार आहे, तो हातात देईल.

विषय आपल्या कन्येचा आहे. तक्रार नाही, याला निवेदन समजावं. मागणी आधीच सांगतो, म्हणजे आपल्याला शेवटचं पान आधी उलटावं लागणार नाही. येत्या शुक्रवारी अकरा वाजता आमच्या नगरपंचायतीची सभा आहे. त्याआधी आपण इथे यावं आणि राजेश्वरीला एवढंच म्हणावं, ‘बाई, सही कर.’ तिने सही केली तर मी स्वीकृत नगरसेवक होतो. (स्वीकृत म्हणजे लोकांनी निवडून दिलेला नव्हे, नगरपंचायतीने आपणहून जवळ घेतलेला.) नाही केली तर मी जो आहे तोच राहतो, म्हणजे नगरसेविकेचा नवरा. आता या सहीचं एवढं काय, हे कळायला तीन वर्षं मागं जावं लागेल. चष्मा लावून बसावं.

पार्थ पहिलीत गेला त्या वर्षी मी शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य झालो. झालो म्हणजे, पालकसभेला सात जण आले होते आणि ‘सदस्य’ हा शब्द ऐकताच त्यातले पाच चपला शोधायला उठले. मी मात्र ते पद पहिली पायरी म्हणून घेतलं. माझी नगरसेवक व्हायची इच्छा आपल्याला ठाऊकच आहे. मोटार वायंडिंगच्या दुकानाचा हा दोष आहे. विहिरीवरची जळालेली मोटार बांधून होईपर्यंत शेतकरी बाकावर बसून गावाचा कारभार चालवतो. पंधरा वर्षं ते ऐकून मलाही वाटायला लागलं की गाव आपणच चालवतोय, फक्त खुर्ची यायची राहिली आहे.

समितीच्या सदस्याला काम एकच. शाळेत दुपारी मुलांना खिचडी असते. ती वाढण्याआधी एका पालकाने चाखायची, ‘चव रजिस्टर’ नावाच्या वहीत शेरा मारायचा आणि खाली सही करायची. रोज दुकान सोडून खिचडी चाखायला जाणं मला जमण्यासारखं नव्हतं (आणि एकदा चाखली होती). मुख्याध्यापक माणूस समजूतदार. त्यांनी एका दुपारी रजिस्टरच दुकानात पाठवून दिलं. मी चहा मागवला, आणि चहा निवायच्या आत ‘चव उत्तम, चव उत्तम’ असं लिहीत ऑक्टोबर आणि नोव्हेंबर उरकून टाकले. सार्वजनिक काम इतकं हलकं असेल असं वाटलं नव्हतं. हात चालू होता म्हणून मी दोन-चार सह्या जास्तच केल्या.

पुढे पार्थ घरून डबा मागायला लागला. राजेश्वरी चौकशीला शाळेत गेली, तिने रजिस्टर मागितलं आणि ते वाचलं. मामा, त्या रजिस्टरच्या इतिहासात ते वाचणारी ती पहिली व्यक्ती असावी. त्या दिवशी तारीख होती दहा ऑक्टोबर. पुढच्या पानांवर दिवाळीच्या सुट्टीत, सगळ्या रविवारी आणि लक्ष्मीपूजनालाही खिचडीची चव उत्तम होती. शेवटची नोंद एकतीस नोव्हेंबरची होती.

घरी येऊन तिने आदळआपट केली नाही. मला वाढलं, समोर बसली आणि म्हणाली, “अहो, एकतीस नोव्हेंबरला काय घातलं होतं हो खिचडीत?”

मी म्हणालो, “नेहमीचंच.”

दुसऱ्या दिवशी मी समितीचा राजीनामा दिला. (लिहिला तिने. मी सही केली.) माझ्या जागी ती गेली, आणि तिथून आपल्या कन्येच्या राजकीय कारकिर्दीला सुरुवात झाली. म्हणजे या घराण्याचा राजकारणातला पाया मीच घातला, असं म्हणायला हरकत नाही. कोणी म्हणत नाही.

ती रोज साडेबाराला जाऊन खिचडी खायची. चाखायची नाही, वाटीभर खायची, आणि मग शेरा लिहायची. काही शेरे मला पाठ आहेत, कारण दुकानात येणारे लोक ते मला म्हणून दाखवत. ‘डाळ आहे, पण शोधावी लागते.’ ‘मटकी परवाची, मोड आजचे.’ ‘भात छान. मुख्याध्यापकांनी न चाखता सही केली, मी समोरच उभी होते.’ खिचडी शिजवणाऱ्या झुंबरबाई पहिल्या आठवड्यात तिच्यावर अशा खवळल्या की पळी घेऊनच बाहेर आल्या. “ए बाई, मीठ मी टाकती, पर डाळ काय मी पिकवती व्हय? कोठीतून मूठभर येती, मूठभर शिजती. मला काय इचारती? त्या किल्लीवाल्याला इचार की!” यावर राजेश्वरीने त्या दिवसाचा शेरा लिहिला: ‘झुंबरबाईंचं म्हणणं बरोबर आहे. उद्यापासून डाळ माझ्यासमोर मोजून द्यावी.’ झुंबरबाईंना लिहिता-वाचता येत नाही. त्यांनी तो शेरा तीन वेगवेगळ्या पोरांकडून वाचून घेतला आणि तिघांचंही एकच निघाल्यावर पळी खाली ठेवली. पंधरा दिवसांत खिचडी पिवळी दिसायला लागली. दुपारी बायका शाळेच्या पायरीवर शेरा ऐकायला जमू लागल्या. वर्ष उलटायच्या आत आपली कन्या समितीची अध्यक्ष.

ही सवय तिला कुठून लागली, याचा मी पुष्कळ शोध घेतला. तो आपल्या दारात येऊन थांबला. आपण साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं बसलात आणि काटा स्थिर झाल्याशिवाय पावतीवर सही केली नाही, त्यापायी आपल्या बढत्या हुकल्या, हे मामी अजून सांगतात. आमच्या लग्नाच्या यादीच्या वेळीही आपण दोन्हीकडची मंडळी बसवून यादी वाचायला सांगितलीत. पत्रावळीवर जिलेबी आली होती, म्हणून मी म्हणालो, ‘मामा, वाचायचं काय त्यात, आपण काय परके आहोत?’ आणि सही ठोकली. दीड वर्षाने माझी आई म्हणाली, ‘सुनेचं कॉलेज आता पुरे.’ तेव्हा राजेश्वरीने ट्रंकेतून यादी काढली. मानपानाच्या कापडांखाली, वाजंत्रीच्या वर, आपल्या अक्षरात लिहिलं होतं: ‘मुलगी बी.ए. पूर्ण करेल.’ खाली माझी सही. जिलेबीचा डागसुद्धा होता. मला राग नाही. पण हे बियाणं आपलं आहे, तेव्हा पिकाची थोडी जबाबदारी आपण घ्यावी, एवढंच म्हणणं आहे.

असो. गेल्या वर्षी नगरपंचायतीची निवडणूक लागली. आमचा प्रभाग क्रमांक एक खुला निघाला, आणि आमच्या आघाडीचे पुढारी श्रीमंत आण्णा यांनी मला उमेदवारी दिली. आण्णांचं म्हणणं, “कल्याणशेठ, तुमी लई वर्षं बाकावर बसवून लोकांना च्या पाजला, आता वसूल करा.” आपल्याला ठाऊक असेल, इकडे मुख्य अर्जासोबत घरातल्याच कोणाचा तरी एक डमी अर्ज भरतात. मुख्य अर्जाला काही झालंच तर हाताशी असावा म्हणून. गाडीला स्टेपनी असते तसा. मी राजेश्वरीला म्हणालो, ‘तू फक्त डमी भर, तुला काही करायचं नाही.’ ती तीन दिवस अर्ज भरत बसली. मालमत्ता, गुन्हे, कर्ज, वाहन, प्रत्येक रकान्यात तिने सुवाच्य अक्षरात ‘निरंक’ लिहिलं. मी तिला हसलो. मी माझ्या शपथपत्रावर आधी सह्या करून ठेवल्या होत्या. बाकीचं वकील भरणार होता. वकिलाला वाटलं, मी भरणार आहे. निवडणूक अधिकाऱ्यांनी रीतसर कळवलं की आपले अकरा रकाने कोरे आहेत, ते अमुक वेळेपर्यंत भरावेत. ते पत्र घेऊन शिपाई दुकानात आला. मी त्याच्या वहीत पोच म्हणून सही केली आणि पत्र मोटारीखाली ठेवलं.

छाननीत माझा अर्ज सव्वा मिनिटात बाद झाला. त्यानंतर अधिकाऱ्यांनी राजेश्वरीचा अर्ज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला आणि विचारलं, “हा कोणी भरला?” कौतुकाने विचारलं, हे मला आवडलं नाही. बाहेर आल्यावर आण्णा म्हणाले, “चला, घरात तर राह्यलं. वैनीला फक्त हात जोडून फिरवा. बोलायचं आपुन.” मी अठरा सभांत बोललो. ती सभांना आलीच नाही. ती घरोघर जाऊन नळ सोडून बघत होती आणि पाणी किती वाजता येतं, कसं येतं, हे वहीत लिहीत होती. एक्केचाळीस मतांनी आली. आण्णांच्या मते माझ्या भाषणांमुळे एक्केचाळीसच मिळाली.

आता मूळ मुद्दा. पहिल्या सभेला मीही इस्त्रीचे कपडे घालून गेलो. इतर नगरसेविकांचे यजमान असतातच. त्यातले एक तर खुर्चीवर टॉवेल टाकून जागा धरतात. राजेश्वरी दारात थांबली आणि म्हणाली, “बाहेर बाक आहे.” मी बाकावर बसलो. बाक चांगला आहे, सागवानी आहे. तिथे मला कार्यालयातले जुने कारकून पीरमहंमदभाई यांनी आतली पद्धत समजावून सांगितली. आमच्या नगरपंचायतीत सगळे ठराव सर्वानुमते होतात. सोळा सह्या झाल्या आणि एक राहिली, तर त्याला बहुमत म्हणावं लागतं. आणि बहुमत म्हटलं की चर्चा झाली असा संशय येतो. म्हणून सभेच्या वहीत एक पान वरून कोरं ठेवतात आणि खाली सतरा जण प्रभागाच्या क्रमाने सह्या करतात. काय ठरलं ते पुढच्या आठवड्यात आण्णा सांगतात, मग भाई ते वर लिहितात. भाईंचं अक्षर मोत्यासारखं आहे. किती जागेत किती ठराव बसतील याचा त्यांना इतका अंदाज आहे की शेवटची ओळ कधी सहीला टेकत नाही.

वही पहिल्यांदा राजेश्वरीसमोर आली, कारण प्रभाग क्रमांक एक. (हा क्रमांक मिळाला तेव्हा मी पेढे वाटले होते.) ती म्हणाली, “वर काय लिहिणार?” भाई म्हणाले, “मॅडम, ते अजून ठरायचंय.” ती म्हणाली, “मग ठरलं की आणा.” आणि पेनाला टोपण लावलं. पहिलीचीच जागा रिकामी, म्हणून दुसरा थांबला. दुसरा थांबला म्हणून तिसरा. सोळा माणसं हातात पेनं घेऊन बसून राहिली. असं तीन सभांना झालं. तीन महिने आमच्या गावात एकही ठराव झालेला नाही, आणि खरं सांगायचं तर बाहेरून काही फरक कळत नाही.

गेल्या आठवड्यात आण्णा दुकानात आले. सोबत स्वतःच्या विहिरीवरची जळालेली मोटार होती, म्हणजे येण्याला कारण असावं म्हणून. बाकावर बसले आणि म्हणाले, “शेठ, सही म्हंजी काय हो? आपलं नाव लिव्हायचं. वैनीला सवताचं नाव लिव्हता येत न्हाई का? एवढी बी.ए. झालेली बाई!” मग खाली वाकून म्हणाले, “स्वीकृतची एक जागा अजून मोकळी हाय. दोनदा पुढं ढकलली ती कुणासाठी? शुक्रवारी वैनीची सही, आन् त्याच सभेत तुमचं नाव.” मी म्हणालो, सही झाली समजा. मला वाटलं, आपल्याच घरातली तर आहे.

तेव्हा मामा, शुक्रवारच्या आत यावं. जास्त बोलायची गरज नाही. ती आपला शब्द मोडत नाही, असं आपण बारशापासून सांगत आला आहात. मला तो अनुभव एकदा घ्यायचा आहे. मी पंधरा वर्षं इतरांच्या मोटारी बांधल्या. एकदा आतल्या खुर्चीवर बसायचं आहे. एवढीच हौस आहे, आणि ती सागवानी बाकावर भागत नाही.

मामींना नमस्कार. म्हशीपासून जपावं.

आपल्या पायांकडे आणि रस्त्याकडे डोळे लावून बसलेला,
कल्याण

ता. क. हे पत्र मी लिहिलं, हे राजेश्वरीला कळू देऊ नये. पार्थला बघायला आलो असं म्हणावं. मामींनाही सांगू नये. गिरणी लांब नाही.

ता. क. दुसरा. (शुक्रवार, संध्याकाळ.) शाहबाजच्या टेम्पोचं गिअरबॉक्स गेलं, त्यामुळे पत्र माझ्या खिशातच राहिलं. दरम्यान सभा झाली, आणि आपल्याला सांगायला आनंद होतो की राजेश्वरीने सही केली. मी बाकावर होतो, दार उघडं होतं, डोळ्यांनी बघितलं. वही समोर आली, तिने टोपण काढलं, जरा वेळ लिहिलं, आणि सही करून वही पुढे सरकवली. आण्णांनी मला आतून अंगठा दाखवला. पाठोपाठ सोळाच्या सोळा सह्या झाल्या, शेवटी अध्यक्षांची सही आणि गोल शिक्का. मी बाहेर भाईंना मिठी मारली. स्वीकृतचा विषय चहानंतर होता. तीन महिन्यांचे ठराव साचले होते, म्हणून या वेळी चहा चालू असतानाच भाई आत जाऊन वर लिहायला बसले, आणि तसेच बसून राहिले. आपल्या कन्येने सहीच्या वर, पानाच्या बरोबर मधोमध, ठळक अक्षरात लिहिलं होतं: ‘हे पान कोरे असताना आम्ही सर्वांनी सह्या केल्या आहेत.’ त्याखाली सतरा लोकप्रतिनिधी. सर्वानुमते. शिक्क्यासह.

पान फाडता येत नाही, कारण पानांना क्रमांक आहेत. (हा नियम आण्णांनीच मागे विरोधकांसाठी करून घेतला होता.) आण्णांनी वाक्य दोनदा वाचलं आणि विचारलं, “वाचलं का न्हाई कुणी?” सोळा जणांनी चहाकडे बघितलं. स्वीकृतच्या जागेवर आण्णांच्या साडूंचं नाव आलं. जाताना आण्णा दुकानात थांबले आणि आपली मोटार न बांधताच उचलून घेऊन गेले. तेव्हा आता सहीसाठी येण्याची तसदी घेऊ नये. तो विषय मिटला.

ता. क. तिसरा. येऊ नका म्हणालो, पण पत्र तरीही पाठवतोय, कारण लिहायचं होतं ते अजून लिहिलेलंच नाही. मामा, आज अकरावा दिवस आहे, राजेश्वरी माझ्याशी बोलत नाही. चहा येतो, जेवण येतं, त्यात कमी नाही. पहिल्या दिवशी तिने एकच विचारलं, “माझी सही तुम्ही आण्णांना कबूल केली, हे मला पीरमहंमदभाईंकडून कळायचं होतं का?” मी आण्णांच्या मोटारीचं काहीतरी बोललो. आज ती सभेतून बाहेर आली तेव्हा मी बाकावरून उठून उभा राहिलो. खरं तर ते पान बघून मला हसू आलं होतं, मामा. जागा गेली होती तरी आलं. तिला ते सांगायचं होतं. पण ती तोवर रिक्षात बसली होती.

तर खरी विनंती अशी. परवा रविवारपासून धोंड्याचा महिना लागतोय. लेकीला आणि जावयाला जेवायला बोलवायची रीत आपल्याकडे आहेच. आम्हाला बोलवावं. बोलावणं मात्र राजेश्वरीच्या नावाने पाठवावं. माझ्या नावाने आलं, तर ती मला एकट्याला एसटीत बसवून देईल. आणि वाणाचं, कपड्यांचं काही करू नये. फक्त जेवताना आमचे दोन पाट शेजारी-शेजारी मांडावेत. इकडे सध्या मधे पार्थ बसतो.